कोंबड्याचा भाव

सव्वीस वर्षं माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या नखांत लाल रंग होता. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहिलो तरी लोक आधी हाताकडे बघायचे. बायको म्हणायची, "निदान साखरपुड्याला तरी घासून या." घासून जाणारा रंग नव्हता तो. क्षयाचे जंतू शोधायचे तर थुंकी काचेच्या पट्टीवर पसरायची, त्या लाल रंगात भिजवायची, खालून ज्योत फिरवायची, धुवायची, मग निळा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली सरकवायची. निळ्यात लाल काडी दिसली की माणूस आजारी. तलासरी तालुक्यातल्या एका सरकारी केंद्रात, त्याचं नाव मी सांगणार नाही, मी लॅब टेक्निशियन आहे. पाड्यांवर माझं नाव याहून सुटसुटीत आहे. थुंकीवाला.

आता वर्ष होईल, माझी नखं स्वच्छ आहेत. बायकोला वाटलं होतं मी खूश होईन.

पट्टी बघणं हे माझं अर्धंच काम होतं, हे मला फार उशिरा कळलं. उरलेलं अर्धं कुठल्याही कागदावर नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी सरकारी जीप घेऊन एका पाड्यावर गेलो होतो आणि अंगणात उभं राहून एका बाईला मोठ्याने हाक मारली होती, तुझ्या थुंकीत जंतू सापडले, चल औषध घ्यायला. तरुण होतो, अक्कल कमी आणि आवाज मोठा. पुढच्या आठवड्यापासून तिला हातपंपावर कोणी हंडा लावू देईना. महिन्याभरात ती माहेरी निघून गेली आणि औषध तिथेच सुटलं. तिचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

त्यानंतर मी पाड्यावर जाणं सोडलं आणि बाजारात जाऊ लागलो. केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर आठवडी बाजार भरतो. दवाखान्यात न येणारा माणूससुद्धा बाजाराला येतो. माझी आई डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवून विकायची, त्यामुळे सुक्या मासळीच्या रांगेतल्या बायका मला ओळखत होत्या आणि बसायला गोणपाट द्यायच्या. मी थुंकीचा नमुना घेतानाच माणसाला सांगून ठेवायचो, "बाजाराला येताना एक कोंबडा घेऊन ये. मी येऊन त्याचा भाव विचारला, तर काही न बोलता माझ्यामागे चिंचेखाली ये. दोन बाजार गेले आणि मी विचारलं नाही, तर तुला काही नाही. कोंबडा घेऊन घरी जा."

आजूबाजूच्यांना वाटायचं, दवाखान्याचा माणूस कोंबडा बघतोय. चिंचेखाली मी गोळ्या द्यायचो, कशा घ्यायच्या ते सांगायचो, रडू द्यायचो. ज्यांना काही नाही त्यांच्याकडे मी जायचोच नाही. वेळ कुठे होता? माझं न जाणं हाच त्यांचा रिपोर्ट. कधी कधी कोणी खरंच कोंबडा गळ्यात मारायचा आणि मी तो स्कूटरच्या हँडलला टांगून सरावलीला, आमच्या घरापर्यंत, आणायचो. बायको गंजाडच्या शाळेत शिकवते. ती संध्याकाळी दारात उभी राहून म्हणायची, "तुम्ही नक्की दवाखान्यातच जाता ना?"

एवढं सगळं नीट चाललं होतं असं मी सांगितलं असतं. पण मग ती तपासणीची गाडी आली.

गाडीत हातात मावेल एवढं एक्स-रे मशीन होतं आणि एक लॅपटॉप. माणूस भिंतीला टेकून उभा राहायचा, मशीन टिक वाजायचं, आणि मिनिटभरात लॅपटॉपवर छातीचा फोटो यायचा. फोटो बघायला डॉक्टर नको. आतली कृत्रिम बुद्धी स्वतःच बघायची आणि जिथे संशय असेल तिथे तांबडा रंग फासायची. आमच्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या इतक्या हरखल्या होत्या की मला रागच आला. "काका, बघा ना, आपल्याला आठवडा लागायचा ते एका मिनिटात!" आठवडा मला लागायचा. आपल्याला नव्हे.

मी तिला खोटं पाडायचं ठरवलं, मॅडमना नव्हे, मशीनमधल्या त्या बुद्धीला. माझ्या जुन्या रजिस्टरमधले, मी स्वच्छ ठरवलेले काही लोक परत बोलावले आणि गाडीसमोर उभे केले. एका म्हाताऱ्याच्या उजव्या फुफ्फुसावर तांबडा डाग आला. मी हसलो. त्याची पट्टी मी दोनदा बघितली होती, दोन्ही वेळा निळीशार. पट्टीहून बारीक अशा नव्या तपासणीला थुंकीचा नमुना पाठवला आणि जंतू निघाले. म्हातारा वर्षभर खोकत घरात नातवंडांबरोबर निजत होता, कारण मी त्याच्या कोंबड्याचा भाव विचारला नव्हता. ती चुकली असती तर मी तिला माफ केलं असतं. ती बरोबर निघाली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पावसाळा सुरू झाल्यावर वरून पत्र आलं. पट्टीचं काम बंद. मायक्रोस्कोप कपाटात. मला संगणकासमोर बसवलं. काम काय, तर यादी बघायची. कॅम्पमध्ये ज्यांच्या फोटोवर तांबडा रंग आला, त्यांना संगणक आपोआप मोबाइलवर संदेश पाठवायचा, अमुक दिवसांत थुंकीचा नमुना घेऊन केंद्रात या. संदेश पोहोचला की नावापुढे हिरवी खूण यायची. मी त्या हिरव्या खुणा मोजायच्या आणि संध्याकाळी मॅडमना आकडा सांगायचा. आशाताईंच्या मोबाइलवरही त्याच खुणा दिसायच्या, त्यामुळे त्यांनाही वाटायचं की सांगून झालं.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, "पगार कमी केला का?" मी म्हटलं, नाही. "बदली केली?" नाही. "मग झालं काय?" माझ्यावाचून काही अडत नाही, हे वाक्य पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने बायकोसमोर कसं म्हणायचं? मी म्हटलं, भाजीत मीठ जास्त झालंय. ती मुकाट्याने ताट उचलून घेऊन गेली, कारण भाजी मी चाखलीसुद्धा नव्हती.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलोय ते सांगतो.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. ती झाली की गुजरातच्या बंदरांतल्या बोटी सुटतात आणि आमच्या तालुक्यातले कितीतरी पुरुष खलाशी म्हणून त्यांच्यावर जातात, ते पुढच्या उन्हाळ्यातच परततात. ते जायच्या आत एका पाड्यावर गाडीचा कॅम्प लागला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून मी नावं लिहीत होतो. नाव, वय, मोबाइल नंबर. पाड्यावरच्या पुरुषांपैकी निम्म्यांनी एकच नंबर सांगितला. तो टंडेलचा नंबर. टंडेल म्हणजे बोटीचा जुना, अनुभवी कप्तान, तोच पाड्यावरची माणसं जमवून बोटीवर नेतो. फोन त्याच्याकडे, म्हणून कुठल्याही सरकारी कागदावर सगळे त्याचा नंबर देतात. रेशनलाही तोच, बँकेतही तोच. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही, निरोप येईल तो टंडेल देईल. मला तो नंबर पाठ होता. मी तो वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो आणि त्याला कधी फोन केला नव्हता, कारण माझा बाजार होता.

रांगेत तिशी-पस्तिशीचा एक खलाशी आला. बरोबर बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. बाईला मी ओळखलं. तिच्या सासूला मी चिंचेखाली सहा महिने गोळ्या दिल्या होत्या, ती बरी झाली होती. खलाशी मशीनपुढे उभा राहिला, टिक वाजलं, तो शर्ट घालून बाहेर गेला. बाई माझ्या टेबलाशी थांबली.

"थुंकीवाला, कोंबडा आणू ना?"

मी पुढच्या माणसाचं वय खोडून परत लिहीत होतो. डोकं आधीच भणभणलेलं, कारण गाडीतला ड्रायव्हर मघाशी मला म्हणाला होता, काका, तुम्ही आता आरामात निवृत्ती घ्या. मी वर न बघता मान हलवली. हो, आण.

दुसऱ्या दिवशी यादी उघडली. खलाशाच्या फोटोवर दोन्ही बाजूंना तांबडा रंग होता. नावापुढे टंडेलचा नंबर, आणि नंबरापुढे हिरवी खूण. संदेश पोहोचला.

मला माहीत होतं. हे मी परत लिहितो, म्हणजे मलाच पळवाट राहणार नाही. टंडेल बोटीची डागडुजी करायला आधीच बंदरावर गेला होता हे मला माहीत होतं, कारण कॅम्पात तसं बोलणं झालं होतं. त्याच्या फोनवर रिचार्जचे आणि लॉटरीचे शंभर संदेश येतात आणि तो एकही उघडत नाही, हेही माहीत होतं. खलाशी आठ-दहा दिवसांत जीपमध्ये बसून निघून जाणार हे माहीत होतं. स्कूटरवर पाऊण तास, किंवा बाजाराच्या दिवशी चालत दहा मिनिटं.

मी गेलो नाही.

त्या बाजाराच्या दिवशी मी खिडकीशी बसलो होतो. भोंग्यावरून कोणीतरी चादरी विकत होता, ते आतपर्यंत ऐकू येत होतं. मी मनात म्हणत होतो, हिरवी खूण आहे ना? मग झालं तर. आता थुंकीवाल्याची गरज नाही ना? मग जाऊ दे त्या मशीनला चिंचेखाली. दोन पाय फुटू देत त्याला. असलं काहीतरी बडबडत मी चहा प्यायलो. पुढच्या बाजाराला तर मला एवढंही वाटलं नाही. सवय फार लवकर होते. संध्याकाळी मॅडमना आकडा सांगितला, त्या म्हणाल्या, "छान, शंभर टक्के पोहोचले," आणि मी मूग गिळून स्कूटर काढली.

रुसणं म्हणतात याला. लहान मूल रुसलं तर जेवत नाही, स्वतःचंच पोट उपाशी ठेवतं. मी रुसलो आणि उपाशी दुसऱ्याला ठेवलं.

दिवाळीच्या आधी खलाशाला जीपमध्ये आडवा घालून परत आणलं. बोटीवर रक्ताच्या उलट्या झाल्या, असं त्याच्याबरोबरचे सांगत होते. खोकल्यातून आलेलं रक्त ते. बंदरापासून रुग्णालयापर्यंत, तिथून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयापर्यंत, आणि चार दिवसांत संपला. मला ते यादीवरूनच कळलं. त्याच्या नावापुढची हिरवी खूण तशीच होती आणि तिच्या पुढच्या रकान्यात 'मृत्यू' लिहिलं होतं. मॅडमनी सगळे कागद काढले, तीनदा तपासले. मशीनने बरोबर ओळखलं होतं. संदेश वेळेत गेला होता. "काका, आपण सगळं केलं होतं, तरी असं का झालं?" असं त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. नव्या होत्या. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. मला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखा मी उरलोच नव्हतो कुठल्या कागदावर.

आठवड्याने मी पाड्यावर गेलो. जीप नेली नाही. बाई अंगणात भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, मला बसायला खाट ओढून दिली, पाणी आणलं. मला वाटलं होतं ती अंगावर येईल. तशी तयारी करून गेलो होतो. ती नुसती बोलत राहिली, तिथली माणसं बोलतात तशी, साहेब-बिहेब नाही, सरळ तू.

"तू सांगितलंस तसा कोंबडा नेला मी. पयल्या बाजाराला नेला. तू नाय आलास. तो बोलला, अजून एक बाजार बघू. मंग दुसऱ्या बाजाराला परत नेला. उन्हं उतरली तवर बसलू. तू नाय आलास." मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. "मंग तो हसला. बोलला, थुंकीवाला नाय आला म्हंजे मला काय नाय. कोंबडा घरी कापला आम्ही. त्याला बोटीवर जायचं होतं ना, म्हणून."

मी पाण्याचा पेला खाटेखाली ठेवला.

यंत्राचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. माझा पोहोचला होता. सव्वीस वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं की मी आलो नाही म्हणजे सगळं ठीक. ते शब्दाला जागले, दोन बाजार पुरते थांबले. मी खिडकीशी रुसून बसलो होतो आणि इकडे त्या माणसाला निरोगी असल्याचं सर्टिफिकेट देऊन बोटीवर पाठवत होतो. मला वाटत होतं मी काहीच करत नाहीये. केंद्रात माझी किंमत शून्य झाली म्हणून मी जळत होतो, आणि त्याच वेळी या एका घरात माझ्या नसण्यावर एका माणसाचा जीव टांगलेला होता. मला लाज वाटली, आणि तो शब्द फार लहान आहे.

मला यादी दिसत होती, हे मी तिला सांगितलं नाही. इथे लिहितोय ते त्यामुळेच. घरी बायकोला सांगितलं. तिने तपासायच्या वह्या मिटल्या. मग एवढंच म्हणाली, "त्या मुलीला तपासलंत का?"

नव्हतं तपासलं. सहा वेळा पाड्याचा विचार केला होता आणि हे एकदाही सुचलं नव्हतं. बोटीवर जायच्या आधी बाप दोन महिने त्याच झोपडीत खोकत होता. गाडी परत त्या भागात आली तेव्हा मी स्वतः जाऊन मायलेकींना घेऊन आलो. टिक, टिक. दोघींचे फोटो स्वच्छ, तांबड्याचा ठिपका नाही. मॅडमनी म्हटलं, थुंकीही तपासून घेऊ, खात्रीला. नमुने गेले. बाई निघताना माझ्याकडे बघून म्हणाली, "कोंबडा आणते." आणि मी काही बोलायच्या आत ती गेलीसुद्धा.

रिपोर्ट बाजाराच्या आदल्या दिवशी आला. दोघींनाही काही नाही. यादीत नंबरच्या जागी टंडेलचाच नंबर, त्याच्यापुढे रिपोर्टचा संदेश पोहोचल्याची हिरवी खूण. जुन्या नियमाने मला जायची गरज नव्हती. पण आता मला केंद्रात बसवेना. माझ्या न जाण्याचा अर्थ मी एकदा खोटा केला होता, तो परत वापरायला मला तोंड नव्हतं. दुपारी मी मॅडमना सांगून निघालो. त्यांनी विचारलंही नाही कुठे.

सुक्या मासळीच्या रांगेतून मी आत शिरलो. ती चिंचेच्या अलीकडे बसली होती, पुढ्यात पाय बांधलेला कोंबडा, शेजारी मुलगी कागदातली भजी खात होती. तिने मला लांबूनच बघितलं.

तिचा चेहरा पडला नाही, तो बंदच झाला. हात बाजूला गेला आणि तिने मुलीला स्वतःकडे ओढलं, भजी खाली सांडली. मी चालता चालता समजलो, माझ्या येण्याचा तिला काय अर्थ लागतोय ते. मी भरभर चालू लागलो, आणि तेही चुकलं, कारण थुंकीवाला धावत येतोय म्हणजे किती वाईट असेल, असं तिला वाटलं असणार. चार पावलांवरून मी ओरडलो, "पोरीला काही नाही! तुला पण नाही! दोघींना काही नाही!"

सव्वीस वर्षं ज्या गोष्टीचा मी बाजारात ब्रसुद्धा काढला नव्हता ती मी भर रांगेत ओरडून सांगितली. मासळीवाल्या वळून बघू लागल्या. तिने मुलीला सोडलं नाही.

"मंग तू आलास कशाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हेच सांगायला, असं म्हटलं असावं. आता काही असो नसो मी येणार, असंही म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, शब्दांकडे तिचं लक्ष नव्हतं.

"भाव नाय ना विचारणार?" तिने विचारलं.

"नाही."

"खरं ना?"

"खरं."

मी आणखी थांबलो तर ती आणखी घाबरेल, म्हणून मी निघालो. मान खाली घालून सगळी रांग पार केली. बाजाराच्या टोकाशी, जिथे रिक्षा लागतात, तिथून एकदा मागे बघितलं. भजी तशीच मातीत पडली होती. तिचा हात अजून पोरीच्या खांद्यावर घट्ट होता, आणि मी परत फिरतो की काय, म्हणून ती माझ्याकडेच बघत होती.